गावच्या वाचनालयाचे संगणकीकरण : कामाचा क्रम आणि नेहमी चुकणाऱ्या जागा

वाचनालयाला निधी मंजूर झाला की पहिल्या महिन्यात संगणक येतो, दुसऱ्यात सॉफ्टवेअर येते आणि तिसऱ्या महिन्यात दाखल नोंदवही (आलेले प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन चढवायची वही) समोर ठेवून कोणीतरी टायपिंगला बसते. वर्षभराने यादी तयार होते, पण तिच्यातली कित्येक पुस्तके कपाटात नसतात आणि कपाटातली कित्येक पुस्तके यादीत सापडत नाहीत. मग वाचक पुन्हा ग्रंथपालालाच विचारू लागतात आणि संगणक पत्रव्यवहारापुरता उरतो. दोष बहुतेक वेळा यंत्राचा किंवा माणसाचा नसतो. कामाचा क्रम उलटा झालेला असतो. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत गावोगावी जी काही हजार पुस्तकांची आणि एक-दोन कर्मचाऱ्यांची वाचनालये आहेत, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हा क्रम येथे दिला आहे.

टप्पा १ : ठराव आणि हंगाम

कार्यकारिणीच्या बैठकीत तीन गोष्टींचा लेखी ठराव आधी करून घ्यावा: साठापडताळणीसाठी देवघेव किती दिवस बंद राहील, बाद पुस्तकांचा निर्णय कोण घेईल आणि नोंदीचे नियम ठरवण्याचा अंतिम अधिकार कोणाकडे असेल. तिसऱ्या मुद्द्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. पुढे एकाच लेखकाची चार नावे तयार होतात ती यामुळेच.

काम ऑक्टोबरच्या मध्यानंतर सुरू करावे आणि पुस्तके हाताळण्याचा भाग मे महिन्याच्या आत संपवावा. गोव्याच्या पावसाळ्यात कपाटे रिकामी करून पुस्तके जमिनीवर मांडणे म्हणजे बुरशीला आमंत्रण देणे होय. जून ते सप्टेंबर हे महिने बसून करण्याच्या नोंदकामासाठी ठेवावेत. वीज जाण्याचे दिवसही तेच असल्यामुळे संगणकाला यूपीएस हवाच.

अंदाजपत्रकात यंत्रांच्या किमतीबरोबर नोंदकाम करणाऱ्या माणसाचे मानधन स्वतंत्रपणे दाखवावे. एका पुस्तकाची नीट नोंद करून ती तपासायला पाच ते दहा मिनिटे धरून हिशेब मांडला, तर तीन हजार पुस्तकांचे काम फावल्या वेळात होणार नाही हे समितीला लगेच कळते.

टप्पा २ : साठापडताळणी

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच तो वगळण्याचा मोह होतो. येथे दोन माणसे लागतात. एकाने कपाटासमोर उभे राहून पुस्तक उघडावे आणि आतल्या शिक्क्यातला दाखल क्रमांक व पुस्तकाचे नाव मोठ्याने वाचावे. दुसऱ्याने नोंदवहीत त्या ओळीवर पेन्सिलीने खूण करावी. कपाटाकडून नोंदवहीकडे जावे, उलट जाऊ नये. नोंदवही हातात घेऊन पुस्तके शोधू लागले की नोंदच नसलेली पुस्तके कधीच समोर येत नाहीत, आणि देणगीत आलेल्या गठ्ठ्यांमुळे अशी पुस्तके प्रत्येक वाचनालयात असतात.

या वेळी तीन प्रकारचे घोळ हमखास निघतात. पहिला, एकच दाखल क्रमांक दोन पुस्तकांवर असणे. बालविभागाची नोंदवही वेगळी ठेवून तिथे पुन्हा एकपासून सुरुवात केलेली असते, किंवा जुनी वही भरल्यावर नव्या वहीत मागचा आकडा पुढे नेलेला नसतो. अशा वेळी जुने क्रमांक खोडू नयेत. बालविभागाच्या क्रमांकाआधी एक ठरावीक अक्षर जोडावे आणि ते सगळीकडे पाळावे. दुसरा घोळ दिवाळी अंकांचा. काही वर्षे ते पुस्तकांच्या वहीत चढवलेले असतात, काही वर्षे नियतकालिकांच्या, तर काही वर्षे कुठेच नसतात. त्यांची एक वेगळी यादी करून बाजूला ठेवावी. त्यांचे काय करायचे ते पाचव्या टप्प्यात येईल. तिसरा घोळ सभासदांकडे वर्षानुवर्षे राहिलेल्या पुस्तकांचा. पडताळणीच्या आधी महिनाभर सूचनाफलकावर आणि गावातल्या व्हॉट्सॲप गटावर ‘विनादंड परत करा’ अशी सूचना दिली, तर त्यांतली बरीच पुस्तके मुकाट्याने परत येतात. दंड वसूल करण्याची हौस या महिन्यापुरती आवरावी.

तपासणी: पडताळणी संपल्यावर तीन आकडे कागदावर हवेत: नोंदवहीत आहे आणि कपाटात आहे, नोंदवहीत आहे पण कपाटात नाही, कपाटात आहे पण नोंदवहीत नाही. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज नोंदवहीतल्या एकूण नोंदींशी जुळली नाही, तर पुढे जाऊ नये.

टप्पा ३ : छाटणी आणि साफसफाई

जे पुस्तक ठेवायचेच नाही त्याची संगणकात नोंद करणे हे वाया गेलेले श्रम आहेत. म्हणून निर्लेखन, म्हणजे पुस्तके बाद करणे, नोंदकामाच्या आधी करावे. फाटून निकामी झालेल्या प्रती, अभ्यासक्रम बदललेली पाठ्यपुस्तके, जुन्या परीक्षांची मार्गदर्शके आणि एकाच कादंबरीच्या न वाचल्या जाणाऱ्या चौथ्या-पाचव्या प्रती यांची यादी करून समितीपुढे ठेवावी. अनुदानातून किंवा शासकीय योजनेतून आलेली पुस्तके बाद करण्यापूर्वी कला आणि संस्कृती खात्याच्या नियमांप्रमाणे परवानगी घ्यावी, आणि ठरावाची प्रत दाखल नोंदवहीला जोडावी.

इशारा: १९६१ पूर्वीचे कोणतेही पोर्तुगीज, मराठी किंवा रोमी लिपीतले कोकणी मुद्रित, मग ते साधे पंचांग असो वा देवस्थानाची नियमपुस्तिका, ‘कोणी वाचत नाही’ या कारणावरून रद्दीत घालू नये. पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाला यादी दाखवून मगच निर्णय घ्यावा.

साफसफाई करताना ओला फडका वापरू नये. कोरड्या मऊ ब्रशने कण्याकडून कडेकडे धूळ काढावी. बुरशी दिसलेली पुस्तके लगेच वेगळ्या खोलीत न्यावीत, ती हवेशीर सावलीत पूर्ण सुकू द्यावीत आणि तोंडाला मास्क लावूनच झाडावीत; ओली बुरशी ब्रशने पसरते आणि बाजूची पुस्तकेही नासवते. डांबराच्या गोळ्या कपाटात टाकण्याची जुनी सवय सोडावी. त्यांच्या वाफा बंद खोलीत बसणाऱ्या माणसाला अपायकारक असतात आणि बुरशीवर त्यांचा भरवसा धरता येत नाही. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढणे आणि सर्वांत खालचा खण रिकामा ठेवणे या दोन बिनखर्ची गोष्टींनी दमट भिंतीचा आणि वाळवीचा धोका बराच कमी होतो.

टप्पा ४ : सॉफ्टवेअर निवडणे

संगणकाचा विषय येथे प्रथम येतो. कोहा हे ग्रंथालयांसाठीचे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर जगभर वापरले जाते, त्याला परवान्याचे पैसे पडत नाहीत आणि ते युनिकोड, म्हणजे कोणत्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या, देवनागरीत चालते. परंतु ते डेबियन किंवा उबुंटू लिनक्सवर बसवावे लागते आणि त्याची देखभाल करणारा माणूस जवळपास हवा. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे (एनआयसी) ई-ग्रंथालय हा दुसरा पर्याय आहे, मात्र त्याची सध्याची आवृत्ती इंटरनेटवर अवलंबून असल्याने ज्या गावात जोडणी सतत तुटते तिथे देवघेवीच्या वेळी अडचण होते. स्थानिक विक्रेत्याचे स्वस्त सॉफ्टवेअर घेण्यास हरकत नाही, पण ‘सर्व नोंदी मार्क २१ या ग्रंथालयांच्या प्रमाण स्वरूपात आम्हांला कधीही बाहेर काढता येतील’ हे त्याच्याकडून लेखी घ्यावे. ते तो लिहून देत नसेल, तर पाच वर्षांनी आपल्याच पुस्तकांची यादी त्याच्याकडून विकत घ्यावी लागेल.

निवड पक्की करण्याआधी चाचणी घ्यावी. सोपी इंग्रजी पुस्तके देऊ नयेत. एक जुनी मराठी कादंबरी, एक रोमी कोकणी नाटक, एक पोर्तुगीज पुस्तक, एक दिवाळी अंक आणि तीन खंडांचा एक कोश अशी अडचणीची पुस्तके घेऊन नोंद, शोध व छपाई या तिन्ही गोष्टी करून पाहाव्यात.

टप्पा ५ : नोंदीचे नियम आणि प्रत्यक्ष नोंद

सर्वाधिक वेळ याच टप्प्यात जातो आणि सर्वाधिक चुकाही येथेच होतात. टायपिंग सुरू होण्यापूर्वी चार-पाच पानांची नियमवही लिहून काढावी आणि तिची प्रत संगणकाशेजारी टांगावी. तिच्यात पुढील गोष्टी असाव्यात.

*लेखकाचे नाव.* कवी बाळकृष्ण भगवंत बोरकर यांचेच उदाहरण घ्या. त्यांची पुस्तके कोठे ‘बा. भ. बोरकर’, कोठे ‘बा.भ.बोरकर’, कोठे ‘बोरकर बा. भ.’, तर कोठे ‘बाकीबाब’ या नावाने नोंदली जातात. शिवाय ते मराठी आणि कोकणी या दोन्ही भाषांत लिहीत असल्यामुळे त्यांची पुस्तके दोन विभागांत विखुरतात. संगणकाच्या लेखी हे चार वेगळे लेखक असतात. म्हणून प्रत्येक लेखकाचे एकच अधिकृत रूप ठरवावे, उदाहरणार्थ ‘बोरकर, बाळकृष्ण भगवंत’, आणि बाकीची रूपे त्या नावाच्या अधिकृत नोंदीत ‘पाहा’ म्हणून जोडावीत. आद्याक्षरांमध्ये पूर्णविरामानंतर जागा सोडायची की नाही हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण अर्धी यादी एका पद्धतीने आणि अर्धी दुसऱ्या पद्धतीने झाली की लेखकाच्या नावांची क्रमवारी कोलमडते.

*पुस्तकाचे नाव.* ते मुखपृष्ठावरून घेऊ नये. आतल्या शीर्षकपानावरून जसे छापले आहे तसे घ्यावे. १९६२च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नांव’, ‘गोव्यांतील’ असे अनुस्वार असतात. ते मुख्य नोंदीत तसेच ठेवावेत, पण आजच्या लेखनाप्रमाणे ‘काही’, ‘नाव’, ‘गोव्यातील’ असे पर्यायी शीर्षक जोडावे. नाहीतर आजच्या पद्धतीने टाइप करणाऱ्या वाचकाला ते पुस्तक मिळणार नाही. मोबाइलवर रोमी अक्षरांत शोधणारे वाचक आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी आणखी एक रोमी पर्यायी शीर्षक द्यावे. रोमी कोकणी पुस्तकाचे मुख्य शीर्षक मात्र रोमीतच हवे. प्रकाशनस्थळ ‘नोव्हा गोवा’ असे छापलेले असेल तर तसेच लिहावे आणि चौकटी कंसात ‘पणजी’ जोडावे.

*अक्षरे.* श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली यादी वाचनालयाकडे आधीपासून असेल, तर ती तशीच आयात करू नये. ती युनिकोडमध्ये रूपांतरित करून ओळीने वाचून काढावी. रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात. युनिकोडमध्येही दोन सापळे आहेत. ‘ॲ’ हे अक्षर एका कळीने मिळणारे वेगळे असते आणि ‘अ’ला अर्धचंद्र देऊन केलेले वेगळे; पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण एकाने शोधल्यास दुसऱ्याने लिहिलेले सापडेलच असे नाही. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला अर्धा र देखील दोन प्रकारे टाइप होतो. म्हणून नोंदकाम करणाऱ्या सर्वांनी एकच कळफलक वापरावा. इनस्क्रिप्ट सर्वांत बरा. तो शिकायला आठवडा जातो, पण तो आठवडा सत्कारणी लागतो.

तपासणी: नोंदीतले शीर्षक उचलून मोबाइलच्या संदेशात चिकटवून पाहावे. तिथे ते मराठीत नीट दिसले तर ते युनिकोड आहे. भलतीच अक्षरे उमटली तर काम तिथेच थांबवावे.

*भाषा आणि वर्गांक.* पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या ड्यूई पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ असून त्यात काव्य ८९१.४६१, नाटक ८९१.४६२ आणि कथा-कादंबरी ८९१.४६३ असे विभाग पडतात; कोकणीला ८९१.४६९, तर पोर्तुगीज साहित्याला ८६९ हा वर्ग आहे. कोकणी पुस्तके मराठीच्या क्रमांकात घुसडण्याची चूक सर्रास होते. प्रत्येक नोंदीत भाषेचा संकेत न चुकता भरावा, कारण पुढे ‘आमच्याकडे कोकणी पुस्तके किती’ या प्रश्नाचे उत्तर त्यावरूनच मिळते.

*आयत्या नोंदी.* कोहामधून परदेशी ग्रंथालयांच्या नोंदी उतरवून घेता येतात आणि इंग्रजी पुस्तकांसाठी त्या उत्तम असतात. मराठी पुस्तकांच्या नोंदी मात्र तिथे बहुधा रोमन लिप्यंतरात, अक्षरांवर रेघा-टिंबे दिलेल्या स्वरूपात असतात. त्या तशाच साठवल्या तर देवनागरीत शोधणाऱ्याला पुस्तक दिसत नाही. जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन नसतोच, त्यामुळे त्यांची नोंद हातानेच करावी लागते.

*दिवाळी अंक.* प्रत्येक अंकाला पुस्तकासारखी स्वतंत्र नोंद देण्याऐवजी नियतकालिकाची एक मूळ नोंद करून तिच्याखाली वर्षानुसार प्रती जोडाव्यात. वेळ आणि माणूस असेल तर गोव्यातील लेखकांचे लेख तेवढे वेगळे नोंदवावेत. हे काम दिसायला लहान आहे, पण संशोधक विद्यार्थी नेमके तेच शोधत येतात.

सुरुवात एका कपाटापासून करावी. पहिल्या शंभर नोंदी झाल्या की नोंद न करणाऱ्या दुसऱ्या माणसाने पुस्तके हातात घेऊन त्या तपासाव्यात, नियमवहीत दुरुस्ती करावी आणि मगच पुढचे कपाट घ्यावे.

टप्पा ६ : बारकोड

बारकोडचा क्रमांक म्हणजे दाखल क्रमांकच असावा. नवी मालिका सुरू केली की दोन क्रमांकांचा मेळ घालण्यात जन्म जातो. हा क्रमांक संगणकात इंग्रजी अंकांतच हवा. स्कॅनर देवनागरी अंक देत नाही, आणि नोंदीत देवनागरी अंक असले तर वाचलेला क्रमांक ‘सापडत नाही’ असा संदेश येत राहतो.

उष्णतेवर छापणाऱ्या साध्या छपाईयंत्राच्या चिठ्ठ्या स्वस्त असतात, पण काळाबरोबर त्या फिक्या होतात आणि उन्हात व दमट हवेत तर लवकरच. शाईफितीवर किंवा लेझर छपाईयंत्रावर छापलेल्या चिठ्ठ्या घ्याव्यात. चिठ्ठी शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला ठरावीक कोपऱ्यात लावावी. वेष्टनावर लावलेली चिठ्ठी पुनर्बांधणीत जाते, आणि मागच्या मुखपृष्ठावर प्रकाशकाचा बारकोड असल्याने काउंटरवर चुकून तोच वाचला जातो. दुर्मीळ पुस्तकांना गोंदाची चिठ्ठी मुळीच लावू नये. त्यांच्यात आम्लरहित कागदाची सुटी पट्टी ठेवावी.

टप्पा ७ : सभासदांची माहिती

नाव, पत्ता, दूरध्वनी, वर्गणीची मुदत आणि अनामत एवढी माहिती पुरते. ओळखीसाठी आधार कार्ड पाहावे, पण त्याची छायाप्रत फायलीत साठवू नये आणि क्रमांक संगणकात भरू नये. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने कामापुरतीच माहिती घेण्याची आणि ती जपण्याची जबाबदारी माहिती घेणाऱ्यावर टाकली आहे. कोणी कोणते पुस्तक नेले याचा इतिहास समिती सदस्यांनाही दाखवू नये. लहान गावात हे जरा जडच जाते, तरीही.

टप्पा ८ : देवघेव सुरू करणे

देवघेव उघडण्यापूर्वी सॉफ्टवेअरमधले सुट्ट्यांचे कॅलेंडर भरावे. चवथीचे दिवस, ३ डिसेंबरचे सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त, १९ डिसेंबरचा गोवा मुक्तिदिन आणि नाताळ हे त्यात नसले, तर बंद दाराच्या दिवशी परतीची तारीख पडते आणि वाचकाला विनाकारण दंड लागतो. हा एक प्रसंग घडला की ‘संगणकापेक्षा वही बरी होती’ असे गावभर होते.

पहिला महिना वही आणि संगणक दोन्ही चालवावीत, आणि रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या नोंदी ताडून पाहाव्यात. महिना संपल्यावर मात्र वही निश्चयाने बंद करावी. दोन्ही व्यवस्था कायम चालू ठेवल्या की दोन्हींवरचा विश्वास उडतो. वीज गेल्यास काय करायचे तेही ठरवून ठेवावे: काउंटरवर छापील चिठ्ठ्यांचे एक पॅड, त्यात सभासद क्रमांक, दाखल क्रमांक आणि तारीख एवढेच तीन रकाने, वीज आल्यावर त्याच दिवशी ते संगणकात चढवावेत.

साठवणीची प्रत रोज आपोआप निघेल अशी सोय करावी. एक प्रत त्याच संगणकात, दुसरी बाह्य डिस्कवर आणि तिसरी इमारतीबाहेर, म्हणजे ऑनलाइन साठवणीत किंवा दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. बाह्य डिस्क संगणकाला कायम जोडून ठेवली तर वीज कोसळल्यावर दोन्ही एकदमच जातात.

तपासणी: मे महिन्यात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, साठवलेली प्रत दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहावी. प्रत निघते आहे आणि ती उघडते आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

टप्पा ९ : स्कॅनिंग आणि ऑनलाइन सेवा

हा टप्पा शेवटी आहे आणि तो शेवटीच राहू द्यावा. यादी अर्धवट असताना ‘डिजिटल ग्रंथालया’चे उद्घाटन करण्याची घाई समित्यांना फार असते.

जुन्या पुस्तकांचे स्कॅनिंग करताना मूळ प्रत किमान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके), टिफ या चित्रस्वरूपात साठवावी आणि वाचनासाठी तिच्यावरून पीडीएफ बनवावी. कण्यावर दाब देऊन पुस्तक सपाट करणारे घरगुती स्कॅनर जुन्या बांधणीसाठी वापरू नयेत. वरून छायाचित्र घेणारी रचना बरी. टेसरॅक्ट हे मोफत साधन स्कॅनमधला छापील मराठी मजकूर ओळखते, पण जुन्या खिळ्यांच्या छपाईत पुष्कळ चुका करते, म्हणून त्याचा मजकूर फक्त शोधासाठी वापरावा.

इशारा: स्कॅन करण्याची मुभा आणि सर्वांना ऑनलाइन देण्याची मुभा एक नव्हे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार विनानफा सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःकडे असलेल्या छापील प्रतीची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवता येते. ती संकेतस्थळावर टाकण्यासाठी मात्र लेखकाच्या निधनानंतरचे कॅलेंडर वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षे उलटलेली असावी लागतात. वर उल्लेखिलेल्या बोरकरांचे निधन १९८४ साली झाले, म्हणजे त्यांचे लेखन २०४४ अखेरपर्यंत संरक्षित आहे. अनुवादित पुस्तक असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा मोजावा.

बाकीच्या सेवांसाठी फारसा खर्च लागत नाही. भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आणि मराठी विश्वकोश दोन्ही मोफत आहेत. स्पर्धा परीक्षांसाठी येणाऱ्या मुलांना ते वाचनकक्षातल्या एका संगणकावर उघडून दाखवावेत, नुसता पत्ता फलकावर चिकटवून भागत नाही. अंध आणि अधू दृष्टीच्या वाचकांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयाची नोंदणी ग्रंथपालाने त्यांच्या शेजारी बसून करून द्यावी. व्हॉट्सॲपवर नव्या पुस्तकांची यादी पाठवताना वाचकांचा गट बनवू नये, कारण गटात सर्वांचे क्रमांक सर्वांना दिसतात. प्रसारण यादी वापरावी. आणि ज्यांना काउंटरपर्यंत येणे झेपत नाही अशा ज्येष्ठांनी फोनवर पुस्तक मागितले, तर ते राखून ठेवण्याची नोंद त्याच क्षणी संगणकात करावी, चिठोऱ्यावर नव्हे.